प्रतिसर्पविषाची कुपी : ११ पावसाळ्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

कोकणात साप चावला असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘पान लागलं’ म्हणतात, किंवा ‘जनावर चावलं’. रुग्णालयाच्या दारात रिक्षा थांबली, चार माणसे एकदम उतरली आणि त्यांतल्या कोणी हे दोन शब्द उच्चारले, की आमच्या औषधांच्या कपाटातील एका खोक्याकडे सगळ्यांची नजर वळते. त्या खोक्यातील औषधाचे, म्हणजे भारतात तयार होणाऱ्या बहुविध प्रतिसर्पविषाचे, हे परीक्षण आहे. दक्षिण कोकणातील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून मी ते ११ पावसाळे वापरले आहे. एका कंपनीच्या मालाची दुसरीच्या मालाशी तुलना करण्याचा येथे हेतू नाही. सरकारी पुरवठ्यात कधी एक नाव येते, कधी दुसरे, आणि सर्वांची घडण मुळात सारखीच असते. हे औषध नेमके काय करते आणि कोठे थांबते, हे ते वापरणाऱ्यांना आणि ज्यांच्या घरच्या माणसाला ते द्यावे लागेल त्यांनाही ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हे लिहिले आहे.

लोक त्याला ‘सापाची लस’ म्हणतात. हा शब्द आता रुळला आहे, पण त्यातून एक गैरसमज पसरतो. लस आधी टोचून घ्यायची असते आणि ती शरीराला स्वतः लढायला शिकवते. प्रतिसर्पविष मात्र तयार प्रतिपिंडांचा, म्हणजे विषाला पकडून निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनांचा, साठा असतो आणि विष अंगात गेल्यानंतरच त्याचा उपयोग होतो. घोड्याला सापाच्या विषाच्या अत्यल्प आणि हळूहळू वाढत्या मात्रा टोचतात, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढतात, शुद्ध करतात आणि बहुतेक वेळा त्यांची कोरडी भुकटी करून १० मिलीलीटरच्या कुपीत भरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर कालमेत यांनी ज्या कल्पनेवर पहिले प्रतिसर्पविष बनवले, तीच कल्पना आजही कायम आहे. शुद्धीकरणाची तंत्रे तेवढी सुधारली. आपल्याकडे मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे. देशभरच्या उत्पादनासाठी लागणारे विष बहुतांशी तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. चेन्नईजवळची ही संस्था १९७८ साली स्थापन झाली. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणाऱ्या या लोकांचे कसब आज आमच्या कपाटापर्यंत पोहोचते, ही गोष्ट खोके उघडताना मला नेहमी आठवते.

‘बहुविध’ म्हणजे चार सापांच्या विषांवर चालणारे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. कोणता साप चावला हे रुग्णाला सांगता आले नाही तरी चालते, आणि आमच्या दृष्टीने हा या औषधाचा सर्वांत मोठा गुण आहे. अंधारात, गवतात, पेंढ्याच्या उडवीत चावलेल्या सापाची ओळख कोण पटवून देणार? तरीही काही नातेवाईक जीव धोक्यात घालून साप मारतात आणि पिशवीतून घेऊन येतात. त्याची गरज नाही. त्यात वेळ जातो, आणि मेलेल्या सापाच्या डोक्यालाही चावण्याची प्रतिक्रिया काही काळ शिल्लक असते. लांबून मोबाईलवर फोटो काढता आला तर उत्तम, नाही तर तोही नको.

वेष्टनावर चार आकडे छापलेले असतात आणि ते फार थोडे लोक वाचतात. तयार द्रावणाचा १ मिलीलीटर नागाचे ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचे ०.४५, घोणसाचे ०.६ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो, असे त्यांत म्हटलेले असते. आता हिशेब करू. एक कुपी म्हणजे १० मिलीलीटर, म्हणजे घोणसाचे ६ मिलिग्रॅम विष. पूर्ण वाढलेले घोणस एका चाव्यात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणजे सुरुवातीलाच १० कुप्या हव्यात. ‘एक इंजेक्शन द्या आणि सोडा’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवतो आणि बहुतेकांना तो पटतो. सहा वर्षांच्या मुलालाही तितक्याच कुप्या लागतात, कारण साप चावताना समोरच्याचे वजन पाहून विष सोडत नाही. इतर सगळी औषधे मुलांना वजनाप्रमाणे देण्याची सवय असलेल्या नवख्या डॉक्टरकडून येथे हमखास चूक होते.

या औषधाचे बळ सर्वांत स्पष्टपणे दिसते ते फुरशाच्या दंशात. आमच्या भागातील कातळसड्यांवर फुरशी पुष्कळ आहेत. एकदा ऑक्टोबरमध्ये चाळिशीतील एक बाई दुपारी सड्यावर गवत कापताना करंगळीला चावा बसल्यावर घरी गेल्या. सूज थोडी, दुखणे सहन होण्याजोगे, म्हणून त्यांनी हळद लावली आणि रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशेरी लावताना हिरड्यांतून आलेले रक्त थांबेना, तेव्हा त्यांना आमच्याकडे आणले. लघवी लालसर होती आणि सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त झिरपत होते. आम्ही २ मिलीलीटर रक्त काचेच्या नळीत घेतले, नळी २० मिनिटे जराही न हलवता ठेवली आणि मग तिरकी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. फुरशाचे विष रक्त गोठवणारी यंत्रणा इतकी चेतवते की गोठण्यासाठी लागणारे घटकच संपून जातात, आणि मग शरीरात कोठेही, अगदी मेंदूतही, रक्तस्राव होऊ शकतो. १० कुप्या तासाभरात शिरेतून दिल्या. हिरड्यांचे रक्त त्यानंतर लवकरच थांबले, पण खरी परीक्षा सहा तासांनी होती. विष निष्प्रभ झाले तरी गोठण्याचे घटक यकृताला नव्याने तयार करावे लागतात आणि त्याला साधारण तेवढा वेळ लागतो. त्याआधी आणखी कुप्या ओतण्यात अर्थ नसतो. सहा तासांनी नळी तिरकी केली तेव्हा आतला गोळा जागचा हलला नाही. परिचारिकेने ती नळी त्या बाईंच्या मुलाला दाखवली. प्रयोगशाळेचा कोणताही अहवाल त्याला इतके समजावू शकला नसता.

या नळीविषयी एक सूचना करतो, कारण तिच्यावर सगळा निर्णय अवलंबून असतो. नळी काचेचीच हवी, नवी किंवा पूर्ण स्वच्छ आणि कोरडी हवी. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही, आणि मग गरज नसताना औषध दिले जाते. आम्ही नव्या नळ्या एका वेगळ्या डब्यात ठेवतो आणि त्या दुसऱ्या कामाला कोणालाही देत नाही.

गरज नसताना देऊ नये, यावर मी मुद्दाम भर देतो. चावणाऱ्या सापांपैकी बरेचसे धामण, दिवड यांसारखे बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून दंशाच्या खुणा पाहून नव्हे, तर विषबाधेची लक्षणे पाहून औषध सुरू करायचे : रक्त न गोठणे, रक्तस्राव, पापण्या उतरणे, दोन-दोन दिसणे, गिळता न येणे, किंवा झपाट्याने वर चढणारी सूज. लक्षणे नसतील तर २४ तास जवळ ठेवून पाहत राहायचे. या प्रतीक्षेत नातेवाइकांचा धीर सुटतो आणि ‘साहेब, औषध असून देत नाहीत’ असा आरोप होतो. तो मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही केला असता. परंतु घोड्याच्या रक्तातील प्रथिने माणसाच्या शरीरात सोडणे ही साधी गोष्ट नाही.

येथे औषधाची पहिली खरी उणीव समोर येते, ती म्हणजे प्रतिक्रिया. औषध सुरू होताच काही मिनिटांत किंवा पुढच्या दोन-तीन तासांत अंगाला खाज, गांधी, उलटी, घशात आवळल्यासारखे होणे आणि रक्तदाब कोसळणे यांपैकी काहीही होऊ शकते. उपाय साधा आणि खात्रीचा आहे : थेंब बंद करायचे, मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन द्यायचे, रुग्ण सावरला की औषध पुन्हा सावकाश सुरू करायचे. ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवल्याशिवाय आमच्याकडे पहिला थेंब सोडला जात नाही. त्वचेवर आधी थोडे टोचून चाचणी घेण्याची जुनी पद्धत मात्र सोडली पाहिजे. त्या चाचणीतून प्रतिक्रियेचे भाकीत होत नाही, उलट तिच्यामुळेच प्रतिक्रिया येऊ शकते आणि अर्धा तास वाया जातो. प्रतिक्रियेच्या भीतीने औषध न देताच रुग्ण पुढे पाठवण्याची प्रवृत्ती मी काही ठिकाणी पाहिली आहे. त्या प्रवासात गेलेला वेळ पुढच्या रुग्णालयात भरून निघत नाही. एका वर्षी पुरवठ्यात आलेल्या एका तुकडीने जवळजवळ प्रत्येक रुग्णाला हुडहुडी भरून ताप येत होता. आम्ही लेखी कळवले, ती तुकडी बदलून मिळायला बरेच आठवडे लागले, आणि ते आठवडे ऐन पावसाळ्याचे होते. घरी गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी आणि पुरळ येऊ शकते, हेही घरी सोडताना सांगावे लागते, नाही तर लोक त्याला विष पुन्हा चढले असे समजून भगताकडे जातात.

दुसरी उणीव लहान वाटते, पण रात्री दोन वाजता ती लहान राहत नाही. भुकटीत पाणी घालून कुपी जोराने हलवली की फेस होतो आणि औषध वाया जाते. ती दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवावी लागते, आणि अशा १० कुप्या विरघळवायला एका माणसाला बराच वेळ लागतो. ड्युटीवर एकच परिचारिका असेल तर आम्ही शिपायापासून रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत सर्वांच्या हाती एकेक कुपी देतो. तयार द्रावणाच्या स्वरूपातही हे औषध मिळते, पण त्याला शीतपेटीची अखंड साखळी लागते. वीज जाणाऱ्या भागात भुकटीच अधिक विश्वासाची, म्हणून हा त्रास मी स्वीकारतो.

मण्यारीविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या औषधाविषयीची माझी समजूत मण्यारीनेच बदलली. पावसाळ्यातल्या एका पहाटे नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आईवडील आले. मुलगा जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. साडेतीनच्या सुमारास तो पोट दुखते म्हणून उठला आणि त्याला दोन उलट्या झाल्या. वाटेतील एका दवाखान्यात पित्ताचे औषध देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले होते. आमच्याकडे पोहोचला तेव्हा त्याच्या पापण्या उतरल्या होत्या आणि तो झोपेत आहे असे वडिलांना वाटत होते. अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडली नाही. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की अनेकदा ना सूज दिसते, ना वेदना होते. पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एवढाच पुरावा असतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्यासारख्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील मण्यार आणि नागाच्या दंशांविषयी लिहिले नसते, तर आमच्यासारख्यांनी त्या पोटदुखीकडे किती वेळा अपचन म्हणूनच पाहिले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो.

आम्ही १० कुप्या दिल्या. मुलाला एका श्वासात जमेल तितके आकडे मोजायला सांगत होतो : आधी १४, मग ९, मग ५. तासाभराने पुन्हा १० कुप्या दिल्या. आकडे वाढले नाहीत. उशीवरून मान उचलता येईना. तेव्हा श्वासनलिकेत नळी घातली आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या दोन तासांच्या रस्त्यात मी आणि परिचारिका आळीपाळीने ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, दाबत गेलो. मुलगा सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता आणि चालत घरी गेला.

औषध हलक्या प्रतीचे होते का? नव्हते. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांत शिरून तेथील यंत्रणाच उद्‌ध्वस्त करते, आणि एकदा ते घडले की प्रतिपिंडे तेथे पोहोचून काहीही करू शकत नाहीत. नवी टोके वाढायला दिवस जातात, कधी आठवडे. प्रतिसर्पविष रक्तात मोकळे फिरणारे विष पकडते. झालेली हानी ते भरून काढत नाही. ज्या रुग्णाला जितके लवकर मिळेल तितका त्याचा फायदा अधिक, आणि उशीर झाला असेल तर त्या रुग्णाचा जीव कुपीत नसून श्वास देणाऱ्या हातांत असतो. हे वाक्य वेष्टनातील पत्रकात ठळक अक्षरांत असायला हवे आणि ते नसते, ही या उत्पादनाविषयीची माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. २० कुप्या संपल्या, आता उपाय नाही, असे समजून हात टेकणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. आणि श्वास चालू ठेवला तर मण्यारीच्या दंशातील रुग्ण पूर्ण बरा होतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

नागाच्या दंशातील लकवा वेगळ्या प्रकारचा असतो. तेथे विष स्नायूच्या बाजूला चिकटते, म्हणून प्रतिसर्पविषाबरोबर निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन दिले की पापण्या डोळ्यांदेखत वर येताना दिसतात. दंशाच्या जागेचे मांस मात्र कुजते आणि त्यावर कुपीचा फारसा उपयोग होत नाही. घोणसाच्या बाबतीत रक्त गोठू लागले तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होऊन मूत्रपिंडे थांबू शकतात, म्हणून नळीतले रक्त गोठले की समाधान मानून रुग्णाला घरी सोडू नये. लघवीचे माप ठेवावे आणि डायलिसिस कोठे मिळेल हे आधीच ठरवून ठेवावे.

चार सापांच्या बाहेर गेले की कुपी जवळजवळ निरुपयोगी ठरते. सह्याद्रीतील चापडे, विशेषतः गोव्यापासून दक्षिणेकडे आढळणारा हम्पनोज्ड पिट वायपर, यांच्या विषाविरुद्ध या मिश्रणात काहीही नाही. क्वचित त्यानेही रक्त न गोठणे आणि मूत्रपिंड निकामी होणे घडते आणि मग घोणस किंवा फुरसे समजून कुप्यांमागून कुप्या दिल्या जातात. ३० कुप्यांनंतरही नळीतले रक्त गोठत नसेल तर साप चारांपैकी नसावा, अशी शंका घेतली पाहिजे. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, आणि विषाचा पुरवठा मात्र एका कोपऱ्यातून होतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील विषे तपासून हे दाखवून दिले आहे; पश्चिम भारतातील सिंध मण्यारीच्या अतिशय जहाल विषापुढे तर बाजारातील प्रतिसर्पविष फारच दुबळे ठरले. कोकणातील फुरशाला किंवा विदर्भातील मण्यारीला तमिळनाडूच्या विषावर तयार केलेले औषध नेहमी तितक्याच जोराने लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रादेशिक विषसंकलन केंद्रे हवीत, ही मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे.

एवढे सगळे असूनही, माझ्या कपाटातील एकच औषध ठेवायचे असे कोणी सांगितले तर मी हेच ठेवीन. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती आणि त्यांतल्या पुष्कळांना ही कुपी मिळालीच नाही, किंवा मिळाली तेव्हा फार उशीर झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले, आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. सरकारी रुग्णालयात हे औषध विनामूल्य मिळते. तरीही पैशांच्या धास्तीने लोक आधी भगताकडे जातात, दोरीने पाय घट्ट आवळतात, ब्लेडने जखम चिरतात. दोरी बांधू नये, चिरू नये, चोखू नये. पायाला किंवा हाताला फळी बांधून तो स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. निघण्यापूर्वी रुग्णालयात फोन करून कुप्या आहेत का आणि रात्री डॉक्टर आहे का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि असे विचारणाऱ्यांचा मला कधीही राग आला नाही.

यंदाचे मागणीपत्र मी मे महिन्यातच पाठवले आहे. पूर्वी मी त्यात फक्त प्रतिसर्पविषाच्या कुप्या लिहीत असे. त्या नऊ वर्षांच्या मुलानंतर कुप्यांच्या खाली, त्याच कागदावर, ॲड्रेनॅलिन, निओस्टिग्मिन, ॲट्रोपिन, काचेच्या नळ्या आणि मोठ्यांच्या व लहान मुलांच्या मापाच्या ॲम्बू बॅगा लिहितो, आणि यांपैकी एक वस्तू जरी आली नाही तरी पोचपावतीवर ‘संच अपूर्ण’ असा शेरा मारतो.